उसना द्रोण

शके एकोणीसशे पाच, कार्तिक महिना. भुईमूग उपटून झाला होता आणि थंडी नुकती पडू लागली होती. त्या साली एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडे, एक सशीण आणि एक खार शेजारी राहत असत. दोघींना एकेक पिल्लू. पलीकडच्या शिवारात, मातीत राहून गेलेल्या शेंगांचा सरवा वेचायला दोघी पहाटे जात आणि सांजेला परत येत. दुपारी घरी येणे नव्हते. ऊन चढले की ओढ्यावर लांडगा पाण्याला येई. म्हणून पिल्लाचे दुपारचे जेवण आधीच करून ठेवावे लागे. भुकेले पिल्लू घरात थांबत नाही, हे मुलांनो, तुम्हाला सांगायला नको.

बाजाराच्या दिवशी वाटा माणसांनी भरत, तेव्हा कोणी जनावर बाहेर पडत नसे. त्या दिवशी सशीण पुढच्या बाजारापर्यंतची कोशिंबीर करून ठेवी. पळसाच्या द्रोणात तळाला रताळ्याचे काप, त्यावर मोडाची मटकी, सगळ्यात वर धुऊन निथळलेला कोवळा पाला. आवळा अख्खा, बाजूला. दिवसाला एक द्रोण, जास्त नाही. मग ते द्रोण ती बिळातल्या गार मातीवर झाकून ठेवी.

खार फांदीवरून हसे. "बाई, घरात लग्न काढलंय का? पंगत मांडून बसलात."

"पंगतच आहे. जेवणारा एकटा आहे, म्हणून काय झालं?" सशीण मान वर न करता म्हणे.

एका दुपारी खारीचे पिल्लू भुकेने ढोलीबाहेर आले. घारीच्या तावडीतून ते थोडक्यात वाचले. दुसऱ्या पहाटे खार सशिणीच्या दारात उभी राहिली. "बाई, एक द्रोण उसना द्या. आज सांजेला मीही करते, परत देते."

"ने," सशीण म्हणाली. "बाजाराच्या आदल्या दिवसाचा आहे हा. त्याच्या आत आणून ठेव. आणि आवळा आधी पिळू नकोस, पाला पाणी सोडतो."

खारीने सांजेला द्रोण भरले. पण रोज आवळा कोण फोडत बसणार, म्हणून सगळ्यांत एकदमच पिळून टाकला. परत द्यायचा द्रोण तिने सर्वांत मागे ठेवला. द्यायला काढला, तेव्हा पाला काळा पडून पाण्यात पोहत होता. वास येत होता. तिने तो ओतून दिला. आता कोणत्या तोंडाने जायचे? ती दुसऱ्या वाटेने शिवारात जाऊ लागली.

बाजाराचा आदला दिवस उजाडला. खार द्रोण ठेवून जाईल, या भरवशावर सशीण पहाटेच निघाली होती. शिवारात ती साळुंकीला विचारू लागली, "खार दिसली का गं? माझ्या लेकराचा द्रोण ठेवला का, एवढंच तिला विचारायचं होतं."

"नाही बाई," साळुंकी म्हणाली.

खार वेलांच्या ढिगामागे बसून ऐकत होती. ऊन चढले. सशिणीने तोंडातली शेंग खाली ठेवली आणि ती ओढ्याकडे वळली. एक हाक पुरली असती. पण हाक मारली की द्रोणाचे बोलणे निघणार. खार गप्प बसली.

सांजेला ओढ्याकाठी करडी लव पडलेली होती. बाकी काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. खारीने रताळ्याचे काप केले. त्यावर मटकी घातली. पाला धुतला, पुरता निथळेपर्यंत थांबली आणि मग वर ठेवला. आवळा वेगळा घेतला. सशिणीचे पिल्लू बिळाच्या तोंडाशी बसले होते.

"मावशी, आई म्हणाली होती, तू आणशील," ते म्हणाले.

खारीने द्रोण त्याच्यापुढे ठेवला, आवळा दातांनी फोडला आणि वरून पिळला. पिल्लू जेवले. द्रोण फिटला.

तात्पर्य : उसना घास वेळेवर परत करावा आणि न जमल्यास तोंडावर सांगावे, तो देणाऱ्याच्या शिलकीतला नसतो, त्याच्या ताटातला असतो.