शेपूट अडलं साच्यात

एक होतं घर. घरात माती फार आणि माणसं दोन. कुमुदकाकी आणि दिगूकाका.

कुमुदकाकी मातीचे प्राणी करायची. मोराला मोराचा साचा. उंदराला उंदराचा साचा. साच्यात माती दाबायची, थाप थाप थाप. साचा उलटा करायचा, टप्प! झाला प्राणी.

पण साच्याला आधी तेल लावायचं. नाहीतर माती आत चिकटून बसते.

एक दिवस काकी तेल लावायला विसरली.

माती दाबली, थाप थाप थाप. साचा उलटा केला, टप्प! बाहेर आला उंदीर. अंगठ्याएवढा. कान दोन. पाय चार. शेपूट नाही!

शेपूट राहिलं साच्यात.

काकीने काही पाहिलं नाही. तिने उंदराला अंगणात फळीवर वाळत ठेवलं आणि ती दुसरी माती मळायला गेली.

उंदराने मागे बघितलं. मागे काहीच नाही.

"माझं शेपूट!"

वर ऊन होतं. कडक ऊन. उंदीर पुरता वाळला, की संपलं. वाळलेल्या उंदराला शेपूट चिकटत नाही. मग जन्मभर बिनशेपटीचा!

उंदराने फळीवरून उडी मारली. ओला उंदीर निघाला, पचक पचक, पचक पचक.

साचा ओटीवर पडला होता, तोंड घट्ट मिटून.

"साच्या, साच्या, माझं शेपूट दे!"

"देत नाही, जा," साचा म्हणाला. "मला कोणी तेल लावलं? तेल लावल्याशिवाय मी तोंड उघडत नाही."

उंदीर तेलाकडे गेला, पचक पचक, पचक पचक. तेल बाटलीत बसलं होतं.

"तेला, तेला, चल ना!"

"का रे उंदरा, काय झालं?"

"साचा तोंड उघडेना,
शेपूट मला मिळेना,
ऊन काही थांबेना!"

"मला पायी चालायची सवय नाही," तेल म्हणालं. "ब्रश न्यायला आला, तर जाईन."

उंदीर ब्रशाकडे गेला. त्याचे पाय जरा वाळले होते. पटक पटक, पटक पटक. ब्रश डबीत उभा होता, डोकं वर करून.

"ब्रशा, ब्रशा, चल ना!"

"का रे उंदरा, काय झालं?"

"तेल पायी चालेना,
साचा तोंड उघडेना,
शेपूट मला मिळेना,
ऊन काही थांबेना!"

"माझे केस बघ," ब्रश म्हणाला. "परवाचा रंग तसाच वाळलाय. अशा ताठ केसांनी मी कुठे जात नाही. पाण्याने अंघोळ घातली, तर येईन."

उंदीर पाण्याकडे गेला, पटक पटक, पटक पटक. पाणी बादलीत होतं. बादलीवर चाळण होती. उंदराने चाळणीखालून हाक मारली.

"पाण्या, पाण्या, चल ना!"

"का रे उंदरा, काय झालं?"

"ब्रश काही वाकेना,
तेल पायी चालेना,
साचा तोंड उघडेना,
शेपूट मला मिळेना,
ऊन काही थांबेना!"

"डुबुक," पाणी म्हणालं. "येईन रे. पण डोक्यावर चाळण बसलीय. ती हलली, तर येईन."

उंदीर बादलीवर चढला. त्याचे कान वाळले होते. टुक टुक, टुक टुक.

"चाळणी, चाळणी, हल ना!"

"का रे उंदरा, काय झालं?"

"पाणी वर येईना,
ब्रश काही वाकेना,
तेल पायी चालेना,
साचा तोंड उघडेना,
शेपूट मला मिळेना,
ऊन काही थांबेना!"

"माझ्याशी कामात बोलू नकोस," चाळण म्हणाली. "मी मांजर चाळतेय."

खरंच! चाळणीत माऊ झोपली होती, गोल गोल.

"सकाळपासून चाळतेय," चाळण म्हणाली. "एक केस खाली गेला. बाकीची माऊ अजून वरच. ती उठली, तर हलेन."

उंदीर माऊच्या कानाशी गेला, टुक टुक, टुक टुक.

"माऊ, माऊ, ऊठ ना!"

माऊने एक डोळा उघडला. हुंगलं. हुं हुं हुं.

"शी! मातीचा!" माऊ म्हणाली. "बोल रे उंदरा, काय झालं?"

"चाळण जागची हलेना,
पाणी वर येईना,
ब्रश काही वाकेना,
तेल पायी चालेना,
साचा तोंड उघडेना,
शेपूट मला मिळेना,
ऊन काही थांबेना!"

"उंदराने उठवलं म्हणून मी उठू?" माऊ म्हणाली. "लोक काय म्हणतील? काकी 'ऊठ गं बये' म्हणाली, तर उठेन."

आणि माऊने तो एक डोळाही मिटला.

उंदीर काकीकडे गेला. आता पाठ वाळली होती. पोट वाळलं होतं. नखं तर कडक झाली होती. टक टक, टक टक.

काकीचे हात कोपरापर्यंत मातीत होते. नाक वाकडं, तोंड वाकडं. समोर दिगूकाका बसला होता. त्याने हत्तीच्या साच्याचे दोन भाग दोन्ही हातांनी दाबून धरले होते.

"काकी, काकी, बोल ना!"

"का रे उंदरा, काय झालं?"

"माऊ काही उठेना,
चाळण जागची हलेना,
पाणी वर येईना,
ब्रश काही वाकेना,
तेल पायी चालेना,
साचा तोंड उघडेना,
शेपूट मला मिळेना,
ऊन काही थांबेना!"

"थांब बाबा," काकी म्हणाली. "माझं नाक खाजतंय! आधी नाक. मग सगळं. अहो, जरा नाक खाजवा ना माझं!"

"कसं खाजवू?" काका म्हणाला. "माझे हात अडकलेत. मी सांगेपर्यंत साचा सोडू नका, असं तूच म्हणालीस."

"कधी म्हणाले?"

"काल."

"अगं बाई! तरीच रात्री एक भाकरी उरली."

"मग आता सोड म्हण की!"

"आधी नाक!"

उंदीर काकीच्या हातावर चढला. कोपरावर चढला. खांद्यावर चढला. टक टक, टक टक, टक टक. नाकाशी पोहोचला. कडक कडक नखांनी त्याने नाक खाजवलं.

खरर् खरर् खरर्!

"आहाहाहा!" काकी म्हणाली. "ऊठ गं बये!"

माऊ उठली.
चाळण हलली.
पाणी वर आलं, डुबुक!
ब्रश न्हाला. ब्रश वाकला.
तेल ब्रशावर बसलं. तेल साच्यावर उतरलं.
साच्याने तोंड उघडलं.
टप्प! शेपूट बाहेर. लांब, बारीक, ओलं.

उंदराने शेपूट मागे लावलं. टप्प, पडलं. पुन्हा लावलं. टप्प, पुन्हा पडलं.

"अरे सोन्या," काकी म्हणाली, "तू वाळलास. शेपूट ओलं. कसं चिकटेल?"

उंदराने शेपूट उचलून पोटाशी धरलं.

काकीने ओलं फडकं आणलं आणि उंदराच्या बुडाला गुंडाळलं. उन्हाने फडकं वाळवलं. काकीने पुन्हा भिजवलं. उन्हाने पुन्हा वाळवलं.

आता काकीच म्हणाली, "ऊन काही थांबेना!"

दिगूकाका उठला. हातात हत्तीचा साचा तसाच. तो येऊन उन्हात उभा राहिला. काका मोठा, सावली मोठी. सावली पडली उंदरावर.

ऊन थांबलं.

"आता तरी सोडू का?" काकाने विचारलं.

"अहो, हलू नका! सावली हलेल!"

काका हलला नाही.

फडकं ओलं राहिलं. उंदराचं बूड ओलं झालं, मऊ झालं. काकीने काडीने त्यावर बारीक रेघा ओढल्या. शेपटीवर रेघा ओढल्या. मध्ये पातळ चिखल लावला. आणि हळूच दाबलं.

"एक, दोन, तीन," काकी म्हणाली.

"चार, पाच, सहा," काका म्हणाला.

काकीने हात काढला. शेपूट पडलं नाही.

उंदीर निघाला. उंदीर पुढे, शेपूट मागे. उंदीर वळला, शेपूट वळलं. उंदीर पळाला, शेपूटही पळालं. सळसळ सळसळ, सळसळ सळसळ!

शेपूट शेपटाच्या जागी, ऊन उन्हाच्या जागी, आणि गोष्ट तुमच्यापाशी.