शेवटचा पापुद्रा

"साखळीच तुटलीय सर, मग आवाज आत जाणार कुठून?"

नचिकेतनं सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर लावली होती. तो दिल्लीत शिकून आलेला, स्कॅन वाचण्यात तयार. आणि आपण तयार आहोत हेही त्याला ठाऊक. मधल्या कानात आवाज पुढं नेणारी तीन इवलीशी हाडं असतात. त्यातली दोन आजारानं खाल्ली होती. तपासायला आलेल्या यल्लूबाईंना या कानानं काही ऐकू येणं शक्य नाही, असं त्यानं सांगून टाकलं.

त्याचे वरिष्ठ सर्जन निंबकर सर खुर्चीतून उठले. यल्लूबाईंच्या मागं जाऊन उभे राहिले.

यल्लूबाई गडहिंग्लजकडच्या कुंभारीण. लहानपणापासून कान वाहायचा. आता चक्करही यायला लागली होती. सरांनी त्यांचा चांगला कान बोटानं दाबून चोळत ठेवला आणि आजारी कानाशी कुजबुजले.

"चिंच."

"चिंच," यल्लूबाई म्हणाल्या.

नचिकेत म्हणाला, स्कॅन चुकला असेल.

"स्कॅन बरोबर आहे."

"मग बाई...?"

"त्याही बरोबर आहेत."

फिल्म पुन्हा निरखताना नचिकेतच्या ध्यानात आलं. हाडं खाणारी, कानात वाढलेली कातडीची गाठच आता हाडांच्या जागी बसली होती. आवाज तिच्यावरूनच आत जात होता. पण तिनं मेंदूलगतचं हाडही झिजवत आणलं होतं. ठेवून भागणार नव्हतं. काढली की कान कोरडा होणार, आणि ऐकूही कमी येणार.

हे आत्ताच कशाला सांगायचं, बाई घाबरतील, असं तो हळूच म्हणाला. सरांनी नुसतं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

तो यल्लूबाईंसमोर बसला आणि सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी कान पुन्हा उघडून बघू, आजार नसेल तर कुर्चेचा, म्हणजे कानाच्याच मऊ हाडाचा, तुकडा घालून साखळी जोडू. पण पहिल्यासारखं ऐकू येईलच असं नाही.

भट्टीतून निघालेलं मडकं कानाशी वाजवून चीर ओळखायची, हे यल्लूबाईंचं रोजचं काम. सवय याच कानाची. त्यांनी एवढंच विचारलं.

"चक्कर जाईल न्हवं?"

"जायला हवी."

"मग काढा. दुसऱ्या कानाला लावीन सवय."

ऑपरेशनच्या दिवशी सरांनी मायक्रोस्कोप नचिकेतला दिला आणि स्वतः मागं, मायक्रोस्कोपमधलं दाखवणाऱ्या टीव्हीच्या पडद्यासमोर बसले. गाठ थोडी थोडी सुटत गेली. शेवटी, उरलेल्या तिसऱ्या हाडाला चिकटलेला गाठीचा एक पापुद्रा राहिला. सोडवताना हाड हललं, तर कान कायमचा जाणार. ठेवला तर आजार पुन्हा वाढणार; पण ते कळायला वेळ लागणार, आणि आज सगळं छान झालं असंच दिसणार.

"सर, एवढा राहू दे का?"

मागून उत्तर आलं नाही.

नचिकेतनं हात टेकवला, श्वास सोडला. मग हाडाच्या कडेकडेनं जात पापुद्रा अलगद सोडवला. हाड हललं नाही.

कान कोरडा झाला. चक्कर थांबली. पुढच्या वर्षी कान उघडला तेव्हा आत आजाराचा मागमूस नव्हता. नचिकेतनं कुर्चेचा तुकडा बसवला. यल्लूबाईंना हळूहळू ऐकू यायला लागलं. पहिल्याइतकं नाही, पण कामापुरतं. त्यांना जास्त अप्रूप होतं ते कानाचा वास गेल्याचं. आता सुनेच्या शेजारी बसून जेवते, असं सांगून त्या निघून गेल्या.

नचिकेत समाधानानं खुर्चीत टेकला. चहा आला. तेव्हा त्यानं इतके दिवस मनात असलेलं विचारलं.

"सर, मी तो पापुद्रा ठेवला असता, तर तुम्ही मला अडवलं असतं?"

निंबकर सरांनी कप खाली ठेवला...

"मी पडद्याकडे बघतच नव्हतो."