दाहकाची घंटा

एका राज्यात, नदीच्या अलीकडच्या तीरावर, हेमकर्ण राजा राज्य करीत होता. त्याच्या पदरी चंद्रावळ नावाची दवंडीवाली होती. डफावर थाप मारून तिने हाळी दिली, की पाच गावांत ऐकू जाई.

नदीपलीकडे चित्रवती नगरी. तिथला राजा म्हातारा झाला, आणि दाहक नावाच्या मांत्रिकाच्या ओंजळीने पाणी पिऊ लागला. दाहक म्हणे, "देव फक्त माझ्याशी बोलतो." त्याने देवळादेवळांतल्या समया वितळवल्या, त्यांची एक थोर घंटा ओतली आणि तिच्यात मंत्र भरला. त्या दिवसापासून नगरीत दाहकाविरुद्ध कोणी शब्द काढला, की ऐकणाऱ्याच्या कानी "दाहक अमर राहो!" एवढंच पडे. मग ज्याला त्याला वाटे, सारी नगरी त्याच्या बाजूची, मी एकटाच वेगळा. आणि तो गप्प बसे.

इकडे हेमकर्णाच्या दरबारात सेनापती रणधवल उभा राहिला. म्हणाला, "महाराज, पलीकडची सारी प्रजा माथेफिरू झाली आहे. दिवसभर जयजयकार ऐकू येतो. उद्या ते आपल्या वेशीवर येतील. हुकूम द्या, नगरी जाळून टाकतो."

निम्म्या दरबाराने माना डोलावल्या. तेव्हा चंद्रावळ पुढे आली.

"महाराज, माझी धाकटी बहीण रेवा तिथे दिलेली आहे. तिने जन्मात कुणाचा जयजयकार केला नाही, नवऱ्याचासुद्धा नाही. मला तिथल्या प्रजेचं मन विचारून येऊ द्या."

"सात दिवस दिले," राजा म्हणाला. "आठव्या दिवशी सैन्य नदी उतरेल."

चंद्रावळ नावेतून पैलतीरी उतरली. करंजाच्या फांदीवर एक भारद्वाज बसला होता. तो बोलला, "बाई, इथे माणसाचे कान फसतात. पाखरांवर शाप नाही. तीन मनांपाशी मला ने. दुःखी मन, भ्यालेलं मन आणि भक्ताचं मन. खरं काय ते मी सांगेन."

चंद्रावळीने त्याला खांद्यावर घेतलं आणि पहिल्यांदा बहिणीचं दार वाजवलं. रेवा वाळून काडी झाली होती. ताईला पाहताच ती गळ्यात पडली आणि म्हणाली, "दाहक अमर राहो!"

चंद्रावळीने चमकून मागे पाऊल घेतलं. भारद्वाज तिच्या कानाशी लागला. "ती म्हणाली, ताई, परत जा. जुनी भजनं म्हटली म्हणून माझ्या नवऱ्याला दाहकाच्या माणसांनी तळघरात कोंडलंय."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात भानू तेल्याकडे गेली. तो इकडेतिकडे पाहत पुटपुटला, "दाहक अमर राहो!" भारद्वाज म्हणाला, "त्याच्या शेजाऱ्याचा देव वेगळा, म्हणून दाहकाच्या माणसांनी त्या शेजाऱ्याचं घर पेटवलं. हा दारात उभा राहून पाहत होता. म्हणतो, त्या दिवसापासून घास उतरत नाही."

तिसऱ्या दिवशी ती देवळात गेली. वृद्ध पुजाऱ्याचं नाव शिवदत्त. तोही तेच तीन शब्द बोलला का? नाही. तो हात जोडून बराच वेळ बोलला, आणि चंद्रावळीच्या कानी जयजयकारच जयजयकार पडला. भारद्वाज म्हणाला, "तो म्हणतो, चाळीस वर्षं मी देवाची पूजा केली. देवाने माझ्याकडे फूल मागितलं, पाणी मागितलं. रक्त कधी मागितलं नाही."

"मग सारी नगरीच अशी आहे का?" चंद्रावळीने विचारलं.

"ते मला जाऊन पाहावं लागेल," पाखरू म्हणालं. "घरोघरी फिरेन, शेजाऱ्याचं मन शेजाऱ्याला सांगेन. पण पुढचं धैर्य माणसाचं. घंटा वाजली की सर्वांनी हात जोडून उभं राहायचं, असा दाहकाचा हुकूम आहे. शाप जिभेला आहे, गुडघ्यांना नाही."

चार दिवस भारद्वाज खिडकी खिडकी हिंडला. आठव्या दिवशी, भर दुपारी, चौकात घंटा घुमली. सारी नगरी हात जोडून उभी राहिली.

चंद्रावळ मधोमध जमिनीवर बसली.

शिपाई तलवार उपसून धावला. "ऊठ!"

"उठणार नाही!" ती गरजली. शिपायाच्या कानी पडलं, दाहक अमर राहो. तो गोंधळला. जयजयकार करणारीला मारावं कसं?

तेवढ्यात रेवा बसली. भानू तेली बसला. शिवदत्त काठी टेकत बसला. आणि मग वाऱ्याने जोंधळा लवावा तशी सारी नगरी बसत गेली. बसलेल्यांच्या माना मात्र ताठ होत्या, आणि उभे उरले होते ते मूठभर. जो तो शेजाऱ्याकडे पाहत होता आणि डोळे पुसत होता.

घंटा मधोमध तडकली.

"मला दाहक नको!" रेवा ओरडली. आणि चौकातल्या प्रत्येकाने तेच शब्द ऐकले.

चंद्रावळ नदीवर धावली. पलीकडे हत्ती पाण्यात उतरत होते. तिने डफावर थाप मारली. "ऐका हो ऐका! चित्रवतीची प्रजा दाहकाची नव्हे!"

रणधवल हत्तीवरून ओरडला, "किती जण त्याच्या विरुद्ध आहेत?"

"ते मोजता आले नाहीत, सेनापती! त्याच्या बाजूने उभे होते तेवढे मोजले. एकोणीस!"

हेमकर्णाने हात वर केला. हत्ती मागे फिरले. रणधवलाने मान खाली घातली.

चित्रवतीत तळघरं उघडली. रेवाचा नवरा उजेडात आला. म्हातारा राजा पायऱ्या उतरून प्रजेसमोर उभा राहिला. म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला हेच हवं. मी कधी विचारलंच नाही. यापुढे विचारल्यावाचून हुकूम निघणार नाही."

लोक दाहकाला ओढून आणू लागले. त्याचा मंत्र आटला होता. कुणी म्हणालं, याला नदीत बुडवा. शिवदत्त पुजारी आडवा आला.

"नको. फार दिवस याने देवाचं ऐकण्याचं सोंग केलं. आता याला माणसांचं ऐकू द्या."

दाहकाला देवळाच्या पायरीवर बसवलं. समोर रांग लागली. पहिला पुढे आला तो बाजारातला तेली. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "माझं नाव भानू. ऐक."

सूर्य कलला तरी रांग सरेना, आणि रांगेतल्या कुणालाही घरी जायची घाई नव्हती.