कृपण साळू

हिवरखिंडीतून सडक निघाली नव्हती, माणसं आणि बैल एकाच पायवाटेनं चालत होती, त्या काळातली ही गोष्ट. खिंडीच्या अलीकडे लोणवाडी, पलीकडे बाजाराचं गाव, आणि मधल्या साऱ्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही. पाणी होतं ते खिंडीच्या खूप खाली, एका कपारीतल्या झऱ्यात. वैशाखात तो इतका बारीक व्हायचा की घागर लावून बसलं तर ती भरेपर्यंत माणसाला डुलकी लागावी.

खिंडीत पाणपोई चालवायची साळू गुरवीण. तिचा नवरा लवकर गेला होता, पदरी मूल नव्हतं. सुगीला लोणवाडीकर तिला घरटी थोडा जोंधळा घालायचे आणि उन्हाळाभर ती खिंडीतला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण भरायची. डोक्यावर घागर घेऊन ती कपारीतून वर चढायची तेव्हा घागरीतलं पाणी हलायचंसुद्धा नाही, असं म्हणतात.

साळूचा हात मोजका होता. दांडा लावलेल्या करवंटीनं ती पाणी वाढायची. तहान भागेपर्यंत वाढायची, पण चूळ भरायला नाही, तोंडावर मारायला नाही, पायांवर घ्यायला तर नाहीच. पाटील आला तरी तीच करवंटी आणि मेंढक्या आला तरी तीच. कारण तिच्या मनात दिवसभर एकच माणूस असायचा. जो सगळ्यांत शेवटी येणार, तो. एरवी तो कोण असेल हे तिला ठाऊक नसायचं. बाजारच्या दिवशी मात्र ठाऊक असायचं. त्या दिवशी शेवटचा माणूस म्हणजे बाबन तांबोळी.

बाबन विड्याची पानं विकायचा. बाजार उठला तरी त्याचं दुकान उठायचं नाही, आणि उरलेली पानं ओल्या फडक्यात बांधून तो दिवस कलल्यावर निघायचा. उन्हात पानं कोमेजू नयेत म्हणून आपल्या खांद्यावरच्या वाळक्या भोपळ्यातलं प्यायचं पाणी तो वाटेत पानांवर शिंपडायचा. स्वतःसाठी साळूचा रांजण होताच.

"काय आक्का, ठेवलंय का काही, का कुलूप लावलं रांजणाला?"

"तुझ्या पानांनी पिऊन उरलं असंल तर तूबी पी."

असं बोलत ती करवंटी भरायची आणि तो ओंजळ धरायचा.

एकदा भर दुपारी एक पुराणिकबुवा टट्टूवर बसून खिंडीत आले. पाणी प्याले आणि मग त्यांनी वहाणा काढून पाय पुढे केले.

"बुवा, पायाचं पाणी खाली गावात," साळू म्हणाली. "हितं नुसतं घशाचं."

बुवांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, तू फार कृपण आहेस," असं म्हणून त्यांनी टट्टू हाकलं.

साळूनं हा शब्द कधी ऐकला नव्हता. कपारीत उतरताना तिनं तो घोळवला, चढताना घोळवला, आणि संध्याकाळी बाबन आला तसं विचारलं, "तू गावोगाव हिंडतोस. कृपण म्हंजी काय रे?"

"कोण म्हणालं?"

"पुराणिकबुवा. मला म्हणाले."

बाबननं पान जुळवलं, चुना लावला, गालात सारलं. "मग चांगलंच असणार की! कृपा, कृपाळू, कृपण. देवाची कृपा जिच्या हातात, ती कृपण. अगं, तू पाणी पाजलंस त्याला. पाणी पिऊन कुणी शिवी देतं व्हय?"

साळूच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बाबननंच ही गोष्ट खाली गावात नेली. शब्द नवा होता, गोड होता, आणि देवळात पोथी सांगणाऱ्याच्या तोंडचा होता. गाव तिला कृपण साळू म्हणू लागलं. पाटलीणबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन खिंडीत आल्या, तेव्हा साळूनं सुनेच्या तळहातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "कृपण हो." त्या सुनेला पुढल्या वर्षी मुलगा झाला. मग काय, ज्या घरात लग्न होई त्या घरची सून वर येऊ लागली. लग्नाकार्यात जिनं मागं, खांबाआड उभं राहायचं, त्या साळूपुढे आता नव्या नवऱ्या वाकत होत्या. तिनं हात ठेवलेल्या सुनेची कूस रिती राहिली नाही, असं म्हणतात.

अशी काही वर्षं गेली. मग एका वैशाखात तेच पुराणिकबुवा लोणवाडीच्या मारुतीच्या देवळात कथेला आले. सारा गाव बसला होता. साळू बायकांत, आणि त्या दिवसांत तिला पुढची जागा असायची. बुवांनी एका धनिकाची कथा लावली. तो मेला तरी त्याचा जीव घरात अडकला आणि तो नाग होऊन आपल्याच हंड्यावर बसून राहिला. "असा हा कृपण मनुष्य!" बुवा म्हणाले.

कुणीतरी विचारलं, "कृपण म्हंजी वो, बुवा?"

"म्हणजे ज्याच्या हातून काही सुटत नाही तो. तुमच्या भाषेत चिक्कू."

साऱ्या माना साळूकडे वळल्या. मग मागून एक जण फिसकन हसला आणि पाठोपाठ सगळं देऊळ हसलं. आपण इतकी वर्षं काय बोलत होतो हे कळल्याची लाज प्रत्येकाला वाटत होती, आणि ती ठेवायला जागा एकच होती.

"साळे, रांजणावर नाग बसवलायस का गं?" एक जण ओरडला.

पाटलीणबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेच्या ओटीत शिवी घातलीस तू!"

"मला कुठं ठावं होतं, वैनी?"

"तुला नसंल. तुझ्या हाताला व्हतं."

हा अर्थ तुला कुणी सांगितला, असं कुणी विचारलं नाही. साळूनंही बाबनचं नाव घेतलं नाही. बुवांना तर ती बाई आठवतही नव्हती. "काय झालं?" म्हणाले आणि त्यांनी कथा पुढे चालू केली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. साळूनं करवंटी बाजूला ठेवली आणि तांब्या घेतला. जो येईल त्याला ती भरून देऊ लागली. प्यायला दिलं, तोंड धुवायला दिलं, पायांवर ओतायला दिलं. रात्री जे हसले होते ते मुद्दाम थांबले. एकानं तर बैलाची पाठ भिजवून घेतली. प्रत्येकाला ती विचारी, "कृपण न्हाई न्हवं मी?" आणि पायांवर पाणी घेता घेता ते म्हणत, "न्हाई बाई, न्हाई."

दुपार टळायच्या आत रांजणाचा तळ दिसला. साळू घागर घेऊन कपारीत धावली. झरा तर वैशाखातला. ती घागर लावून बसली आणि थेंब मोजल्यासारखे पडत राहिले. "लवकर ये रे बाबा," ती झऱ्याला म्हणत होती. तिचा आवाज त्या दिवशी लोणवाडीत विहिरीविहिरीतून ऐकू आला, असं म्हणतात.

भरली घागर घेऊन ती वर आली तेव्हा उन्हं उतरली होती. बाबन रांजणाशी आडवा पडला होता. एक हात रांजणात, कोपरापर्यंत. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओठांवर पाणी सोडलं. ते गालावरून ओघळून गेलं. शेजारी करंडी होती. फडकं ओलं होतं आणि पानं हिरवीगार, आत्ता वेलीवरून खुडल्यासारखी. भोपळा कोरडा होता.

गाव धावत वर आलं. बाबनला उचलून नेलं. सगळे हळहळले. मरणाऱ्याच्या वाटचं पाणी कुणाच्या पायांवर गेलं, हे कुणी बोललं नाही.

त्यानंतर साळू कुणाशी बोलली नाही. ती घागर आणायची, रांजणात ओतायची, आणि रांजण ते गिळून टाकायचा. किती ओतलं तरी तळ ओला होत नव्हता, असं म्हणतात. एका सकाळी ती कुणाला दिसली नाही. रांजणाजवळ बाईच्या उंचीचा एक दगड उभा होता, डोक्यावर ओझं घेतल्यासारखा किंचित वाकलेला. साळूचा दगड झाला, असं म्हणतात. घागरीसकट ती कपारीत पडून गेली, असंही म्हणतात, पण ते हळू आवाजात.

लोणवाडीत आजही कृपण हा शब्द कुणी उच्चारत नाही. कुणाला चिक्कू म्हणतील, कवडीचुंबक म्हणतील, हा शब्द नाही. शाळेत धडा मोठ्यानं वाचताना तो आला की पोरं श्वास घेतात आणि पुढच्या शब्दावर उडी मारतात. परगावचे गुरुजी पहिल्या वर्षी रागावतात, मग तेही सोडून देतात.

आणि दर वैशाखात, अवसेला, सारं गाव वाजतगाजत खिंडीत जातं. दगडाला हळदकुंकू लावतात, पुढे विड्याची पानं मांडतात. मग साळूमायच्या नावानं दगडावर घागरी ओततात, एकामागून एक, ज्याची ऐपत मोठी त्याच्या घागरी जास्त. पाणी दगडावरून उतरतं, माणसांच्या पायांखालून वाहतं आणि उताराच्या फुफाट्यात जिरून जातं. दुसऱ्या दिवशी वाटेनं जाणाऱ्याला दगड ओला दिसतो. दुपारपर्यंत तोही वाळतो. रांजण भरायला मात्र साळूनंतर कुणी पुढे आलं नाही.