धनेशाची ढोली

सह्याद्रीतली झाडं आभाळाला टेकायची, तेव्हाची गोष्ट. धनेश पक्ष्याच्या जोडीला ढोली हवी होती. मादी एकदा आत बसली आणि दार चिखलानं लिंपलं, की पिल्लं मोठी होईपर्यंत सुटका नाही.

खार घुबडाची ढोली दाखवत होती. “ऐसपैस आहे, वारासुद्धा लागत नाही!”

मादी आत शिरणार, तोच धनेश म्हणाला, “थांब. आपल्या सुतारपक्ष्याला बोलावलंय.”

सुतारपक्ष्यानं बुंध्यावर चोच मारली आणि कान लावला. सारं रान श्वास रोखून बघत राहिलं. बंद लाकडाच्या पोटातलं त्याला ऐकू येत होतं!

“बुंधा आतून कुजलाय. वादळात झाड पडेल.”

मादी खारीकडे वळली. “खारूताई, तुला ठाऊक होतं?”

“होतं की! पण बाई, मला घुबडानं नेमलंय, ढोली खपवायला. तुमचा माणूस तो सुतारपक्षी.”