पेटत्या आव्याचं दान

पिंपळतळे गावात धुंडिगीर महाराजांचा मुक्काम होता तेव्हाची ही हकीकत. मठ कुंभारआळीला लागूनच. आळीत चाक थांबलं की मठात भजन सुरू व्हायचं, असा शेजार!

त्या आळीत सगुणाबाई राहायची. नवरा नुकताच गेलेला. जाण्यापूर्वी त्याने घडवलेली मडकी तिने जिवापाड जपली होती आणि अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर ती भाजायला आवा रचला होता. आव्यात ही मडकी फुटली असती तर पोटाला आधार नव्हता, आणि धन्याच्या हातची शेवटची खूणही उरली नसती.

आता त्या आळीची एक रीत होती. आवा पेटला की तो निवेपर्यंत घरातून कुणाला काही द्यायचं नाही. दिलं की त्यासोबत आव्याची राखण उंबऱ्याबाहेर जाते, असं जुनी माणसं सांगत.

सकाळी आवा पेटला आणि दिवेलागणीला दारात एक अनोळखी माणूस उभा राहिला. डोळे लाल, अंगावर ओरखडे, हातात कोयता! सगुणाबाईच्या काळजात धस्स झालं.

"माय, डोंगरापल्याड बायको अडलीय. गाडीवान पैशाशिवाय बैल जुंपीना. काही असंल तर दे."

बाई पैसे कुठे ठेवते ते बघून जायचं आणि मागून घर लुटायचं, असं शेजारच्या गावात घडलेलं होतं. शिवाय समोर आवा धगधगत होता! ती परसदारातून पळतच मठात गेली.

"महाराज, तो चोर असला तर?"

"असेलही," महाराज म्हणाले.

"आणि आवा फुटला तर?"

"फुटेलही."

"मग मी काय करू? भीती वाटतेय मला!"

महाराजांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "बाई, भीत भीत दे. भीती जायची वाट बघत बसलीस, तर तो बिचारा दारातच राहील."

ती परतली. भीत भीतच गाडग्यातले होते नव्हते ते पैसे तिने त्याच्या ओंजळीत घातले. तो वळला आणि धावत सुटला.

तेवढ्यात थोरले दीर रावजी समोर आले. आळीत त्यांचा शब्द चाले आणि त्याचा ताठाही त्यांना फार! "सगुणे, आवा पेटता ठेवून दान? त्या बुवाच्या नादी लागून माझ्या भावाची मेहनत मातीत घातलीस!"

ते बोलतायत तोच आव्यातून आवाज आला. तड! मग पुन्हा, तड तड! मडकं तडकल्याचा हा आवाज कुंभाराला सांगावा लागत नाही हो. रावजी छद्मी हसले. "घे! फळलं तुझं पुण्य!" सगुणाबाई भिंतीला टेकून बसली आणि पहाटेपर्यंत महाराजांचं नाव घेत राहिली.

आवा निवला. तिचा हात पुढे होईना, म्हणून रावजींनीच वरची राख सारली. पहिलं मडकं काढलं, बोटाने वाजवलं. खणखणीत! दुसरं काढलं, तेही तसंच. तळापर्यंत हात गेला, पण खापरीचा तुकडा सापडला नाही. रावजींच्या तोंडचं पाणी पळालं. तो आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता!

पहिलं मडकं घेऊन सगुणाबाई मठात गेली. रावजी मागोमाग होतेच. ताठा अजून पुरता उतरला नव्हता. "महाराज, तो माणूस लबाड असला तर?"

"मला ठाऊक नाही, रावजी. तिलाही नाही. दारात आलेल्याचं मन आपल्याला कुठून दिसणार?"

सगुणाबाईने मडकं पुढे केलं. महाराज म्हणाले, "खाली ठेव, बाई. आज हातात धरवत नाही."

दोघांनी तेव्हा पाहिलं. महाराजांचे दोन्ही तळवे भाजून फोडांनी भरले होते. मठात तर चूलही पेटलेली नव्हती!

"देवा! माझा आवा तुम्ही हातांवर झेलला!" सगुणाबाईला हुंदका फुटला.

रावजी मटकन खाली बसले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, महाराज! मला पदरात घ्या."

आशीर्वाद द्यायला महाराजांनी हात पुढे केला. तळवा टेकवता येईना, म्हणून त्यांनी रावजींच्या डोक्यावर नुसतं मनगट ठेवलं.