महाराजांचं पान आणि हौसाची एक ओळ

"उघडत नाही? माझं पान उघडत नाही म्हणजे काय!"

करवंदपूरच्या रणझुंजार महाराजांनी फोन गादीवर आपटला, उचलला आणि पुन्हा आपटला. शेजारच्या सगळ्या राजांच्या वेबसाइट झाल्या होत्या, यांचीच तेवढी राहिली होती. तिच्यावर झळकवायला महाराजांनी स्वतः बसून आपली बिरुदं लिहून काढली होती. शत्रुकर्दनकाळ, प्रजाहृदयसम्राट, आंबापारखी आणि अशी कितीतरी! पण पत्ता टाकला की पडद्यावर एकच वाक्य यायचं, 'लवकरच येत आहोत.' आठवडा झाला, येतंय कोण!

बोलणी बसत होती सिदूला. सिदू म्हणजे दरबारचा संगणकवाला. जगाला दिसणारी पानं ज्या मोठ्या यंत्रात ठेवायची, तो सर्व्हर होता लांब धुकेगडावर, आणि सिदू राजवाड्यात बसून दुरूनच त्यात पानं भरत होता.

"महाराज, पान पोचलंय हो!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी विचारलं की सर्व्हर 'आहे' म्हणतो!"

"तुला आहे म्हणतो, मग मला का नाही?" महाराज गरजले. "ऐक! आज सूर्य मावळायच्या आत पान दिसलं पाहिजे. धुकेगडावर जाण्यायेण्यात कुणी दिवस घालवायचा नाही. माझ्या मजकुरातलं एक अक्षर बदलायचं नाही. नाही जमलं, तर उद्यापासून तू धुकेगडावर, कायमचा! बस त्या सर्व्हरच्या मांडीला मांडी लावून!"

दाराशी फुलांची परडी घेऊन हौसा उभी होती.  राजबागेच्या माळ्याची ही मुलगी, आणि येत्या शुक्रवारी तिचं याच सिदूशी लग्न! मांडव घालून झाला होता, पाहुणे निघाले होते, आणि नवरदेव चालला गडावर. छे! असं कसं चालेल? तिनं परडी खाली ठेवली आणि थेट पुढे झाली.

"महाराज, मी शोधते!"

"तू? तुला त्या यंत्रातलं काय कळतं?"

"काडीचं नाही! पण बागेत जमिनीखालच्या नळातलं पाणी कुठं जातंय ते कळेना झालं, की आम्ही वरून गुलाल टाकतो आणि लाल पाणी कुठून निघतं ते बघतो. तुमच्या पानातही गुलाल टाकू!"

दरबार खो खो हसला. हौसानं तिकडे लक्षच दिलं नाही. तिनं सिदूच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि सिदू पांढराफटक पडला.

"अगं, फाशी देतील!"

"शुक्रवारी मांडवात मी एकटी उभी राहू का? लिही म्हणते ना!"

सिदूनं देवाचं नाव घेतलं, लिहिलं आणि पाठवून दिलं. प्रधान अंबाजीपंतांनी त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं, तर त्यांची पगडीच घसरली. सगळ्या बिरुदांच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'महाराज रात्री घोरतात.'

"काय!" महाराज ताडकन उठले. "एक अक्षर बदलायचं नाही म्हणालो होतो ना!"

"बदललं कुठं, महाराज? वाढवलं!"

"पुसा आधी! सगळं जग वाचेल!"

"वाचतंय का, ते तुम्हीच बघा की!"

महाराजांनी पत्ता टाकला. 'लवकरच येत आहोत.' पुन्हा टाकला. पुन्हा तेच! इकडे सिदूनं विचारलं, तर सर्व्हर ती ओळसुद्धा 'आहे' म्हणाला. महाराजांचा राग कुठल्या कुठे गेला. "अरेच्चा! मग माझं घोरणं गेलं कुठं?"

"तेच तर शोधायचंय!" हौसाला आता हुरूप आला. "सिदू म्हणतो पोचलं, तुम्ही म्हणता नाही. दोघंही खरंच बोलताय. म्हणजे हा भरतोय एका घरात सामान, आणि जग वाजवतंय दुसऱ्याच घराची कडी! पंत, गडावर सर्व्हर किती आहेत?"

अंबाजीपंत खाकरले. "दोन."

"दोन?" सिदू किंचाळला.

"नवा आणला तेव्हा जुना काढणारच होतो. पण महाराज म्हणाले, थोरल्या महाराजांनी हौसेनं घेतलेला आहे, राहू दे बिचारा. मग नव्याची पूजा केली, नारळ फोडला आणि वेबसाइटचा पत्ता त्याच्या नावावर करून टाकला."

"आणि हे मला कुणी सांगितलं?"

"पूजेचा प्रसाद दिला होता की तुला!"

सिदूनं कपाळावर हात मारला. त्याच्याजवळची किल्ली, म्हणजे पासवर्ड, जुन्याची! आठवडाभर तो बिचारा त्या म्हाताऱ्याच्याच पोटात पानं कोंबत बसला होता. त्यानं पंतांकडून नव्या सर्व्हरची किल्ली घेतली आणि होतं नव्हतं ते सगळं तिकडे धाडलं. सूर्य डोंगराला टेकला होता. महाराजांनी पत्ता टाकला, आणि पान उघडलं! सोनेरी चौकट, तलवार, एकूण एक बिरुद! हौसा आणि सिदू भर दरबारात नाचायलाच लागले.

महाराज कौतुकानं वाचत खाली खाली सरकत गेले आणि एकदम थांबले. सिदूनं घाईघाईत सगळंच धाडलं होतं. सगळंच! तेवढ्यात माहेरी गेलेल्या राणीसाहेबांचा निरोप आला, 'पान पाहिलं. शेवटची ओळ फार आवडली. इकडे सगळ्यांना वाचून दाखवली.'

 महाराजांच्या मिशा थरथरायला लागल्या. "हौसा! ही ओळ मी का खपवून घ्यावी? पटेल असं उत्तर दे, नाहीतर दोघंही धुकेगडावर!"

हौसा डगमगली नाही. "महाराज, बिरुदं तर सगळेच राजे लिहितात. वाचणारा मनात म्हणतो, असेल काहीतरी फुशारकी! पण तुमचं पान तो शेवटपर्यंत वाचेल आणि म्हणेल, 'हा राजा आपलं घोरणंसुद्धा लपवत नाही, म्हणजे वरचं सगळं नक्की खरं असणार!'"

 आधी महाराजांच्या मिशा हलल्या, मग पोट, आणि मग ते असे हसत सुटले की पंतांनी पगडी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"राहू दे! ती ओळ तशीच राहू दे! आणि तू काय हवं ते माग!"

"सिदूला महिनाभर सुट्टी!"

"दिली! आणि राजबागेतली आमराई तुम्हा दोघांना आहेर!" महाराजांनी डोळे पुसले. "पण पोरी, या महिनाभरात पान पुन्हा अडलं तर?"

"तर खुशाल घोरत झोपा, महाराज! लपवण्यासारखं आता काय उरलंय?"